सिस्टर, दूधच येत नाहीये!

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे स्तनपान सप्ताह, त्या निमित्ताने मागच्या अंकात म्हटलं होतं प्रश्न पाठवा. वाटलं आयांचे येतील, आले ते निम्मे नर्सिंगच्या मुलामुलींचे. बरंच झालं म्हणा, कारण बाळंतिणीच्या पलंगाशी जास्तीत जास्त वेळ हीच पोरं असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही की बाई तुला हे जमतंय का. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. मी मुंबईतच सिस्टर ट्यूटर होते, आता रिटायर झालेय, त्यामुळे कुठे ओरडल्यासारखं वाटलं तर जुनी सवय समजून सोडून द्या.

प्रश्न : मॅडम, मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. थिअरी पक्की आहे माझी, दूध बनवणारं प्रोलॅक्टिन, दूध सोडणारं ऑक्सिटोसिन, यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या, पोझिशन्स सगळं पाठ. पण बाळंतिणींच्या (पीएनसी) वॉर्डात सिझरच्या दुसऱ्या दिवशीची एक बाई होती, बाळ रडून लाल झालेलं, ती म्हणते सिस्टर दूधच येत नाहीये, तिची आई म्हणते पावडरचा डबा आणू का खालून. मी फक्त "पाजत राहा, येईल" एवढंच बोलले आणि पडदा सारून निघून आले. मला खरंच काही सुचलं नाही. हे शिकायचं कुठे? – घाटकोपर

उत्तर : तू एकटी नाहीस गं. नर्सिंगच्या मुलांवर ठिकठिकाणी जे अभ्यास झालेत त्यात साधारण हेच दिसतं की पहिल्या तासात पाजावं, सहा महिने फक्त अंगावरचंच, चीक टाकू नये हे सगळ्यांना येतं, पण आईला अडचण आली की गाडी तिथेच थांबते. बाळ नीट पकडत नाही, दूध कमी वाटतंय, दुखतंय, काढून ठेवायचंय, ह्या प्रश्नांवर मार्क कमी आणि हातही कमी. कारण सरळ आहे, तुमच्या केसबुकात डिलिव्हरी मोजल्या जातात, टाके मोजले जातात, बाळाने धड पकडलं की नाही हे कोण मोजतं? आणि जे मोजलं जात नाही ते पोरं राऊंडच्या मधल्या वेळात उभ्याउभ्या बघतात.

तर पहिलं काम, स्टूल ओढ आणि बस. एका आईचं एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ, मध्ये उठायचं नाही, फोन नाही. स्टाफ सिस्टरला ते जमत नाही, तिच्याकडे अख्खा वॉर्ड असतो. तुझ्याकडे शिकाऊ म्हणून का होईना पण वेळ आहे, आणि ह्या कामात तेच मुख्य लागतं.

आता त्या बाईकडे परत येऊ. बाळ रडून लाल झालंय म्हणजे तुला उशीर झालाय. भूक लागल्याच्या खुणा आधीच येतात, हात तोंडात, जीभ बाहेर, मान इकडेतिकडे वळवणं, रडणं सगळ्यात शेवटी. रडणाऱ्या बाळाची जीभ वर गेलेली असते, ते पकडूच शकत नाही, आणि तशात कोणीतरी त्याचं डोकं मागून दाबून स्तनावर आणतं, मग ते पाठीमागे मान टाकतं आणि सगळे म्हणतात बघा, ह्याला नकोच आहे. आधी शांत कर. दुपटं सोड, आईच्या उघड्या छातीवर ठेव, वरून पांघरूण घाल, पाच दहा मिनिटं जाऊ दे.

मग पोझिशन. सिझरवाल्या बाईला मांडीवर आडवं बाळ घ्यायला सांगितलं तर ते बरोबर टाक्यांवर येणार, म्हणून कुशीवर झोपून पाजायला लाव नाहीतर काखेखालून, बाळाचे पाय आईच्या पाठीकडे. बाळाचं पोट आईकडे, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक निपलसमोर. निपल वरच्या ओठाला लागू दे आणि थांब. तोंड मोठ्ठं उघडलं की बाळाला आईकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालून कमी दिसतो वरून जास्त, गाल फुगलेले, हे दिसलं की झालं. पहिल्या क्षणाला ओढल्यासारखं वाटेल पण दुखत राहिलं तर पकड चुकलीय, कडेने करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा.

आणि हे सगळं करताना तुझे हात पाठीमागे. होय, पाठीमागे. न विचारता बाईचा स्तन धरून बाळाच्या तोंडात कोंबणं हा आपल्याकडचा फार जुना वाईट प्रकार आहे. बाळ त्या वेळेपुरतं पकडतंही, पण तू गेलीस की रात्री दोन वाजता तिला ते एकटीला जमणार आहे का? बाहुलीवर दाखव, तिचे हात तिला वापरू दे.

आता "दूधच येत नाही". दुसऱ्या दिवशी धारा लागत नाहीतच, चीक असतो, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळेला साधारण ५ ते ७ मिली मावतं, म्हणजे चहाचा एक चमचा. छाती भरून येणं दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतं, सिझरनंतर कधीकधी थोडं उशिरा. पण हे भाषण आईला देऊ नकोस, तिला दाखव. अंगठा आणि बोटं सी आकारात, निपलपासून दोनेक बोटं मागे, आधी छातीकडे दाब मग बोटं जवळ आणायची मग सोडायचं, कातडीवरून घासायचं नाही. दोन चार वेळा केलं की पिवळा थेंब येतो. तो थेंब बघितला की बाईचा चेहरा बदलतो आणि पावडर आणायला निघालेली तिची आईसुद्धा थांबते, हे मी इतक्यांदा पाहिलंय.

फक्त दर वेळी "आहे गं दूध" म्हणून सोडायचं नाही हं. शू मोज. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. वजन पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं, दोन आठवड्यांत परत येतं. त्याहून जास्त उतरलं, बाळ उठतच नाही, शू नाही, पिवळं दिसतंय, तर शहाणपणा न करता लगेच इन्चार्ज सिस्टर नाहीतर बालरोगवाले. कधी कधी वरचं दूध खरंच लागतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं आणि वाटी-चमच्याने द्यायचं, आणि तेव्हाही आईला अपराधी वाटेल असं एक अक्षर बोलायचं नाही.

प्रश्न : माझ्या सुनेची डिलिव्हरी झाली तेव्हा हॉस्पिटलात वीस वर्षांची एक शिकाऊ पोरगी मला सांगत होती आजी मध चाटवू नका, गुटी देऊ नका, पाणीसुद्धा देऊ नका. मी तीन मुलं वाढवली, तिचं तर लग्नही झालेलं नाही. ह्या मुलींना आधी मोठ्यांशी बोलायला शिकवा. – गिरगाव

उत्तर : आजी, बोलायला शिकवायचं तुमचं एकदम मान्य, पण मुद्दे तिचेच बरोबर आहेत. मध वर्षाच्या आत नाहीच, त्यात बोट्युलिझमचे, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचे, जंतू असू शकतात आणि एवढ्याशा आतड्याला ते झेपत नाहीत. पाण्याचं म्हणाल तर अंगावरचं दूध ८७ टक्क्यांच्या वर पाणीच असतं, आपल्या मे महिन्यातल्या उकाड्यातसुद्धा सहा महिने वेगळं पाणी लागत नाही. गुटीही सहा महिने नको, सहाणेवरून पोटात काय काय जातं कोण सांगणार.

तुमच्या अळिवाच्या खिरीला आणि डिंकाच्या लाडवाला मात्र कोणी हात लावत नाहीये. पाजणाऱ्या बाईला रोज पाचसहाशे कॅलरी जास्त लागतात, आणि आजकालच्या सुना डाएट डाएट करत चहा-बिस्किटावर असतात. लाडवाने दूध वाढतं असं मी म्हणणार नाही, दूध वाढतं ते बाळाने वारंवार ओढल्याने, पण खाऊन पिऊन तरतरीत असलेली बाई रात्री चार वेळा उठू शकते. तेवढं करा, ढेकर तुम्ही काढा, आणि बाळ बघायला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावा.

(पोरींनो, तुम्हालाही. पलंगाशी आजी बसलेली असेल तर आधी तिला विचारा, आजी तुम्ही कसं पाजलंत? दोन मिनिटं ऐका. मग मधाचं काढा. घरी गेल्यावर निर्णय तीच घेणार आहे, तुमचा फ्लॅशकार्ड नाही.)

प्रश्न : मी मुलगा आहे, बीएस्सी नर्सिंगला. ओबीजी, म्हणजे प्रसूती-स्त्रीरोग विभागाच्या, पोस्टिंगमध्ये स्तनपानाचा विषय आला की मला बाहेर उभं करतात किंवा मीच निघून जातो. बायका लाजतात, नातेवाईक बघतात. पण परीक्षेत तर मलाही विचारणारच ना. – बोरिवली

उत्तर : परीक्षेत विचारतील आणि उद्या एखाद्या आरोग्य केंद्रात तू एकटा ड्युटीवर असशील तेव्हाही विचारतील. निघून जाणं बंद कर. आत जाताना सोबत वर्गातली मुलगी किंवा सिस्टर, पडद्याबाहेरून नाव आणि मी विद्यार्थी आहे असं सांगून विचारायचं येऊ का, नाही म्हटलं तर धन्यवाद म्हणून पुढच्या पलंगाकडे, तोंड पाडायचं नाही. वर म्हटलं तसं ह्या कामात हात लावायची गरज जवळपास पडतच नाही, त्यामुळे मुलगा असल्याने तुझं फार काही अडत नाही. बाहुली आणि मोज्याचा स्तन, म्हणजे जुना मोजा कापसाने भरून गाठ मारलेला, एवढ्यावर सगळं दाखवता येतं.

आणि एक गिऱ्हाईक तुझ्यासाठी मोकळंच पडलंय, ते म्हणजे नवरे. भेटायच्या वेळेला येतात, फळांची पिशवी टेबलावर ठेवतात आणि मोबाईल बघत उभे राहतात कारण त्यांना काय करायचं हेच कोणी सांगत नाही. बाळ आईच्या हातात कसं द्यायचं, पाठीला उशी कुठे लावायची, शू किती वेळा झाली लिहून ठेवायचं, रात्री दुपटं बदलायचं, हे तुझ्याकडून ते ऐकतील, माझ्याकडून ऐकत नाहीत.

प्रश्न : मी बाळंत झाले तेव्हा माझ्याभोवती सहा शिकाऊ मुली गोल करून उभ्या होत्या आणि मॅडम माझ्यावर समजावून सांगत होत्या. मला रडू आलं. नाही म्हणता येतं का? – कुर्ला

उत्तर : येतं. मोठ्या सरकारी दवाखान्यातही येतं, फुकट उपचार आहेत म्हणून अंगाचं प्रदर्शन मांडायला लागत नाही. सांगायचं, पाच जणी बाहेर जा, एक थांबा. ती एक मात्र थांबवा, तिचाही फायदा आणि रात्री हाक मारायला ओळखीचं कोणीतरी तुम्हाला.

प्रश्न : सिस्टर, आया मला विचारतात "तुला पोर आहे का गं?" नाही म्हटलं की त्यांचा विश्वासच उडतो. – परळ

उत्तर : "नाही हो, पण आत्ता सकाळपासून चार जणींजवळ बसून आलेय, तुमचं बाळ कसं पितं ते दाखवता?" बस. ज्यांना स्वतःचा किंवा घरातला अनुभव असतो त्यांना आत्मविश्वास जास्त असतो हे खरं, पण स्वतःच्या एका बाळाचा अनुभव म्हणजे तोच सगळ्यांचा नियम समजणाऱ्या सिस्टरही मी पाहिल्यात, माझं असं झालं होतं मग तुझंही तसंच, त्या जास्त नुकसान करतात. घरात बहीण, वहिनी, चाळीतली कोणी पाजत असेल तर तिच्याजवळ जाऊन बस, तेही पोस्टिंगच धर.

प्रश्न : एका खासगी नर्सिंग होममध्ये पोस्टिंग आहे. बेबी फूडवाल्या कंपनीचा माणूस येतो, पेन, कॅलेंडर, छोटे डबे देऊन जातो आणि डिस्चार्जच्या पिशवीत एक डबा टाकायला आम्हा मुलींना सांगतात. चालतं का हे? – अंधेरी

उत्तर : चालत नाही, गुन्हा आहे. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये आणखी कडक केला, दोन वर्षांखालच्या मुलांसाठीचं पावडर दूध, बाटल्या, बेबी फूड ह्यांची जाहिरात नाही, आयांना फुकट सॅम्पल नाही, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू नाही. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही शिकाऊ आहात म्हणून एकट्याने भांडू नका, ट्यूटरला तारखेसकट लेखी सांगा, आणि पिशवीत डबा तुमच्या हाताने टाकू नका. पेनही घेऊ नका. हो, पेनसुद्धा, तुमच्या खिशातल्या पेनावरचं नाव आई वाचत असते.

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. मुलींना सिलॅबसमध्ये सगळं आहे, लेक्चर होतं, डेमो होतो, हेल्थ टॉक होतो, तरी वॉर्डात गप्प उभ्या राहतात. अजून काय करायचं? – नाव-गाव नको

उत्तर : आधी एक आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ८८.६ टक्के डिलिव्हरी दवाखान्यात झालेल्या आहेत, आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे बाई आपल्या हातात आहे, बाळ आपल्या हातात आहे, तास आपल्या समोर जातोय आणि आपण बाळ पुसून, वजन करून, गुंडाळून वॉर्मरखाली ठेवतोय. इथे आईला ज्ञान कमी आहे असं म्हणायला तोंड नाही आपल्याला. म्हणून लेबर रूमच्या पोस्टिंगला एक मुलगी फक्त त्या तासाची, तिने दुसरं काही करायचं नाही, बाळ छातीवर राहतंय ना, कोणी उचलत नाही ना, स्वतःहून सरकत निपलकडे जातंय का हे बघायचं.

हेल्थ टॉकचं तर बोलूच नका. चार्ट भिंतीला, मुलगी पाठ केलेलं म्हणून दाखवतेय, बायका बिचाऱ्या माना हलवतायत, मॅडम मार्क देतायत, आणि मागच्या पलंगावर एकीला भेगा पडून रक्त येतंय ते कोणी बघितलेलंच नाही. ते मार्क कमी करा आणि पलंगाशी द्या. प्रत्येक मुलीने एकाच आईला डिलिव्हरीपासून डिस्चार्जपर्यंत धरायचं, आणि प्रत्येक पाजण्याला लॅच स्कोअर लिहायचा. १९९४ पासून वापरात आहे, पाच गोष्टी, पकड कशी, गिळण्याचा आवाज येतो का, निपल कसं आहे, आईला दुखतंय का, धरायला किती मदत लागते, प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. स्कोअरचं एवढं कौतुक नको, पण तो लिहायचा म्हटलं की मुलीला बसावंच लागतं ना!

रोल प्लेमध्ये सासू करणारी मुलगी डांबरट निवडा. "आमच्यात पाचवीपर्यंत पाजत नाहीत" म्हणणारी. वर्गात एकदा ती सासू झेलली की वॉर्डातली सोपी जाते.

आणि सगळ्यात मोठी गोम ही की नॉर्मल डिलिव्हरीची बाई दोनेक दिवसांत घरी जाते, दूध उतरतं तिसऱ्या दिवशी, दगडासारखी छाती होते चौथ्या दिवशी, भेगा, ताप, गाठी सगळं घरी. म्हणजे ज्या अडचणी शिकायच्या त्या पोस्टिंगमध्ये मुलींना दिसतच नाहीत. मग कम्युनिटीच्या पोस्टिंगला आशाताई किंवा आरोग्यसेविकेबरोबर धारावी, गोवंडी, मालवणी जिथे तुमचं क्षेत्र असेल तिथे मुद्दाम पहिल्या दहा दिवसांतल्या बाळंतिणी निवडा. दहा बाय दहाच्या खोलीत, सासरे समोर बसलेत, पोटमाळ्यावर दीर झोपलाय, तिथे बाईने पदर कसा आणि कुठे काढायचा हे कुठल्याच पुस्तकात नाही. छाती घट्ट झाली तर पाजणं थांबवायचं नाही, आधी थोडं हाताने काढून काळा भाग मऊ करायचा मग बाळाला द्यायचं, पाजून झाल्यावर गार कपडा, ताप आणि लालसर दुखरा भाग असेल तर डॉक्टर, आणि तेव्हाही पाजणं चालूच, हे मुलीने तिथे करून दाखवलं पाहिजे. केंद्र सरकारचा 'मां' कार्यक्रम २०१६ पासून आहे, आशा आणि नर्सना ह्याचंच प्रशिक्षण देणं त्यात धरलेलं आहे, तुमच्या वॉर्डात ज्या सिस्टरचं झालंय तिला शोधून मुलींसमोर उभी करा, बाहेरून पाहुणे कशाला आणायचे.

प्रश्न : बाळ ३३ आठवड्यांत जन्मलेलं, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. आई दुसऱ्या मजल्यावर वॉर्डात, नुसती रडते. तिच्याकडे बाळच नाही तर मी स्तनपानाचं काय करणार? – सायन

उत्तर : तिथेच तर तुझी सगळ्यात जास्त गरज आहे बाळा. बाळ जवळ नाही म्हणून ओढणारं कोणी नाही, आणि दोन दिवस तसेच गेले तर छाती समजते गरज नाही. जमल्यास पहिल्या तासा-दोन तासांतच हाताने काढायला सुरुवात, मग चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, त्यात रात्रीची एकदा सोडायची नाही कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. सुरुवातीला थेंबच येतील, चमच्यात नाहीतर सिरिंजमध्ये ओढून घ्यायचे, एक मिलीसुद्धा सिंकमध्ये टाकायचा नाही. त्यावर आईचं नाव, तारीख, वेळ लिहून तू स्वतः खाली नेऊन दे. आपल्या हवेत बाहेर चार तासांच्या वर ठेवू नकोस, नाहीतर फ्रिज.

तू राहतेस सायनला म्हणून सांगते, आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक तुमच्याच सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी वगैरे तपासणी होते, दूध ६२.५ डिग्रीला अर्धा तास पाश्चराइज करतात आणि मग अशाच कमी वजनाच्या बाळांना देतात. पण ते आईचं स्वतःचं पुरत नसेल तेव्हा, क्रम तोच, आधी आईचं मग बँकेचं. हे तिला सांगितलंस तर बाळ उपाशी राहील ही धास्ती जाते, आणि धास्ती गेली की ऑक्सिटोसिन नीट काम करतं, म्हणजे दूध सुटायला मदतच होते.

आणि रोज सकाळी एनआयसीयूच्या सिस्टरला विचार, कांगारू, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवणं, कधी चालू करायचं? डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये सांगितलंय की अशा बाळांना शक्य तितक्या लवकर सुरू करा, दिवसातले आठ ते चोवीस तास. त्या हो म्हणाल्या की व्हीलचेअर तूच आण, आईला समोरून उघडणारा गाऊन घालायला सांग, आणि खाली जायच्या आधी बाथरूमला नेऊन आण, नाहीतर बाळ छातीवर जेमतेम स्थिरावलं की तिला उठावं लागतं.